ग्वाल्हेर ते जालंधर: हॉकी स्टिकांच्या पहिल्या खरेदीचा प्रवास

ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या हॉकी मैदानावर संध्याकाळी टर्फवर पाणी मारतात. ओल्या टर्फचा तो वास आला की माझे पाय आपोआप तिकडे वळतात. 2006 मध्ये इथे राज्याची महिला हॉकी अकादमी सुरू झाली, तेव्हा माझं शिकायचं वय निघून गेलं होतं. विद्यापीठाच्या संघात लेफ्ट हाफ खेळले, तेवढंच. पण जाळीबाहेर उभं राहून बघायची सवय गेली नाही. तिथेच माझ्या एक गोष्ट लक्षात आली. अकादमीच्या मुलींचं ठीक चाललेलं असतं, पण बाहेर नुकत्याच खेळायला लागलेल्या आठ-दहा वर्षांच्या मुलींच्या हातात मोठ्यांची साडेछत्तीस इंची स्टिक असते. ती त्यांच्या छातीला लागते. मग त्या दांडी मधेच धरतात, कमरेतून वाकण्याऐवजी पाठ गोल करतात, आणि ही खोड पुढे मोडता मोडत नाही.

बाडा, नया बाजार, सगळी दुकानं पालथी घातली. बॅटी हव्या तेवढ्या. हॉकी मागितली की आतून एक धुळकट स्टिक यायची, तीही त्याच एका मापाची. ज्या गावात रूपसिंग राहिले त्या गावात ही स्थिती मला सहन होत नव्हती. 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेवर 24 गोल चढवले, त्यातले दहा एकट्या रूपसिंगांचे आणि आठ त्यांचे मोठे बंधू ध्यानचंद यांचे. आमचं कॅप्टन रूपसिंग स्टेडियम त्यांच्याच नावाचं. लोकांना मात्र ते माहीत आहे ते 24 फेब्रुवारी 2010 च्या सचिनच्या द्विशतकामुळे. तेही आमचंच कौतुक आहे, पण नाव कोणाचं आहे हे पोरांना सांगावं लागतं.

तर असं ठरलं, की फक्त हॉकीच्या सामानाचं छोटं दुकान काढायचं. माल कुठून आणायचा याला उत्तर दोनच: मेरठ किंवा जालंधर. मी जालंधर निवडलं, आणि काकांना बरोबर घेतलं. काका रेल्वेतून निवृत्त झालेले आणि हॉकीचे माझ्याहून मोठे भक्त. 1975 च्या विश्वचषकाची अंतिम लढत त्यांनी रेडिओला कान लावून ऐकली होती. हॉकीपटू अशोककुमारांचा तो विजयी गोल ते अजून हातवारे करून सांगतात.

निघण्याआधी एक काम केलं, ते प्रत्येकाने करावं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका खरादवाल्याकडून दोन वस्तू करून घेतल्या: आतून नेमका 51 मिलिमीटर व्यास असलेलं लोखंडी कडं, आणि 25 मिलिमीटर जाडीचा गुळगुळीत रूळ. नियम असा आहे की स्टिक, तिच्यावरच्या ग्रिप-पट्टीसकट, 51 मिलिमीटरच्या कड्यातून पार गेली पाहिजे, आणि तिचा बाक, म्हणजे दांडीला लांबीत असलेला वाक, 25 मिलिमीटरहून जास्त नसावा. बाक बघायला स्टिक सपाट बाजू खाली करून टेबलावर ठेवायची आणि मधल्या पोकळीतून रूळ सरकवायचा. रूळ पलीकडे गेला तर ती स्टिक सामन्यात चालणार नाही. वजनाची मर्यादा 737 ग्रॅम. त्यासाठी सामान तोलायचा हातातला काटा पुरतो.

गाडीचं सांगते. ग्वाल्हेरहून थेट जाणाऱ्यांत माळवा एक्स्प्रेस आहे. ती इंदूरकडून येते आणि जालंधर कँटला थांबते. दुसरी सचखंड, नांदेडहून अमृतसरला जाणारी. आम्ही सचखंडने गेलो आणि डब्यात परभणी-जालन्याची मंडळी भेटली, त्यामुळे दिल्लीपर्यंत मराठीतच गप्पा. त्यातल्या एका आजींना ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरचा दाता बंदी छोड गुरुद्वारा माहीत होता. गुरू हरगोबिंदसाहेबांना जिथे कैदेत ठेवलं होतं ती ही जागा. पंजाबात गेल्यावर "ग्वाल्हेरहून आलो" म्हटलं की समोरच्याचा चेहरा खुलतो, त्याचं हे एक कारण. या गाडीला वाटेत लंगर मिळतो, तरी घरचं बरोबर असू द्यावं. आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं नेलं होतं. अंतर सुमारे सातशे किलोमीटर. आम्ही नोव्हेंबरच्या शेवटी गेलो, आणि तेच बरोबर. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या पुढे धुक्यामुळे गाड्यांना किती उशीर होईल याचा नेम नसतो. जालंधरला सिटी आणि कँट अशी दोन स्टेशनं आहेत. तिकीट काढतानाच कुठे उतरणार ते पक्कं करा.

जाताना दोन किलो गजक, म्हणजे तीळगुळाची खुसखुशीत मिठाई, नेली होती. थंडीत आमच्याकडची गजक आणि मुरैन्याची गजक कोणती चांगली यावर वाद घालणारे घालोत, पण कारखानदारासमोर पुडा उघडून ठेवला की बोलणं सुरू व्हायला वेळ लागत नाही.

पहिला दिवस माझ्या चुकीत गेला. मोठ्या रस्त्यावरच्या एका झगझगीत शोरूममध्ये शिरलो आणि "पूरी कार्बन" म्हणून दोन कंपोझिट (लाकडाऐवजी फायबरच्या थरांच्या) स्टिका नमुना म्हणून घेतल्या. बिल मागितलं नाही. दुसऱ्या दिवशी बस्ती नौ या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्या कारागिराने त्या हातात घेतल्या, नखाने टकटक केलं, कानाशी नेल्या आणि म्हणाला, "पुत्तर, अंदर लकड़ी है। ऊपर फाइबर का कपड़ा चढ़ाया है।" त्याने टाचेजवळचा, म्हणजे दांडी खाली वळते तिथला, रंग जरा खरवडला तर खरंच लाकूड. लाकडावर ग्लास फायबर चढवलेली स्टिक वाईट नसते, सुरुवातीला ती चांगलीच. पण ती कार्बनच्या भावाने घेतली होती. परत नेल्यावर पहिला प्रश्न आला, "बिल कहाँ है?" काका मला एक शब्दही बोलले नाहीत. रात्री फक्त म्हणाले, "उद्यापासून वही माझ्याकडे दे." तेव्हापासून चहाच्या पुढची प्रत्येक गोष्ट पक्क्या बिलावर.

म्हणून सांगते, थेट बस्ती नौ आणि बस्ती शेखकडे जा. 1947 च्या फाळणीत सियालकोटचे खेळसामान बनवणारे कारागीर इकडे आले आणि त्यांच्या हातांबरोबर हा धंदाही आला. रविवारी कारखाने बंद असतात, तेव्हा सोमवारी सकाळी पोचाल असा बेत करा. आणि आधी "कारखाना दिखाइए" म्हणा. जो दाखवेल त्याच्याशीच भावाचं बोला.

मी दोन कारखाने पाहिले. लाकडी स्टिकचं काम बघताना माझा पाय निघत नव्हता. डोक्याला, म्हणजे खालच्या वळलेल्या भागाला, तुतीचं लाकूड, कारण ते वाकवलं तरी तुटत नाही आणि चेंडूचा मार सोसतं. ते उष्णता-वाफेने मऊ करून साच्यात वळवतात. दांडीला वेत, वेताच्या पट्ट्यांमध्ये रबर, म्हणजे फटक्याचा झटका हातापर्यंत येत नाही. दांडी पाचरीसारखी डोक्यात बसवतात. स्टिक तुटते ती बहुतेक याच सांध्यावर, म्हणून घेताना पहिली नजर तिथे टाका आणि लाकडाच्या रेषा टाचेच्या वळणाबरोबर वळतात की मधेच तुटतात ते बघा. कंपोझिटचं काम वेगळं. कार्बन, ग्लास फायबर आणि अरामिड (एक चिवट कृत्रिम धागा) यांचं राळ लावलेलं कापड थरावर थर गुंडाळून साच्यात घालतात, आतून फुगा फुगवतात आणि तापवतात. फुगा काढला की दांडी पोकळ राहते. कार्बन जितका जास्त तितकी स्टिक ताठ आणि फटका जोरकस, पण चेंडू थोपवताना तो उसळतो. शिकणाऱ्या मुलीला नव्वद टक्के कार्बनची स्टिक घेऊन देणारे पालक मी पाहिले आहेत. त्यांनी ते पैसे बुटांवर आणि शिनगार्डवर घालावेत. बाक खाली असलेली, ड्रॅगफ्लिकसाठीची (चेंडू स्टिकवर ओढत नेऊन गोलात फेकण्यासाठीची) स्टिकही तशीच, पेनल्टी कॉर्नर मारायला लागल्यावर बघता येईल.

त्याच कारागिराने मला धंद्याचं गणितही समजावलं. मी यादी नेली होती ती बहुतेक मोठ्या, महागड्या स्टिकांची. जे टीव्हीवर दिसतं तेच मनात भरलेलं असतं. त्याने विचारलं, तुमच्या मैदानावर किती पोरं आहेत, किती उंचीची? मी मोजलंच नव्हतं. तिथून एका ओळखीच्या प्रशिक्षक ताईंना फोन केला. त्यांनी दुसऱ्या दिवशी सरावाआधी मुलींना रांगेत उभं करून जमिनीपासून कमरेच्या हाडापर्यंतची मापं घेतली आणि मला पाठवली. स्टिक पायाशेजारी उभी धरली की तिचं टोक तिथपर्यंत यावं, हा साधा अंदाज. त्या कागदावरून कळलं की मला 30, 32 आणि 34 इंची स्टिकाच सर्वात जास्त लागणार. साडेछत्तीसच्या थोड्या, साडेसदतीसच्या दोन. तुम्ही हे माप घरून निघायच्या आधी घ्या.

दुसरी गोष्ट ग्रिपची. स्टिक वर्षात एकदा विकली जाते, ग्रिप दर महिन्या-दोन महिन्याला. घाम आणि टर्फचं पाणी मिळून ती सुटतेच. ग्रिप, शिनगार्ड, माउथगार्ड आणि सरावाचे चेंडू यांवर दुकानाचं भाडं निघतं. गोलकीपरचा पूर्ण संच मी घेतला नाही. तो महाग असतो, एकाच्या मापाने दुसऱ्याला होत नाही, आणि मागणी आल्यावर मागवता येतो.

माल पन्नास हजारांच्या वर गेला तर ई-वे बिल, म्हणजे माल वाहून न्यायचा ऑनलाइन कागद, लागतं. ते विकणाऱ्याकडूनच काढून घ्या आणि आपला जीएसटी क्रमांक निघण्याआधी तयार ठेवा. ट्रान्सपोर्टची बिल्टी (माल पाठवल्याची पावती) हातात आल्याशिवाय जालंधर सोडू नका. पेट्या बांधताना समोर उभे राहा. मी प्रत्येक स्टिक कड्यातून काढली आणि रुळावर बघितली. सत्तरांपैकी तीन बाजूला निघाल्या आणि कारखानदाराने विनातक्रार बदलून दिल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही संसारपूरला गेलो. कँटला लागूनच गाव आहे, रिक्षा सहज मिळते. काकांच्या दृष्टीने हा प्रवास याच गावासाठी होता. 14 ऑलिंपिकपटू या एका गावाचे. 1975 च्या विश्वचषकाचे कर्णधार अजितपाल सिंग इथले, चार ऑलिंपिक पदकांचे उधमसिंग इथले. 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये इथले सात जण खेळले, पाच भारताकडून आणि दोन केनियाकडून. गल्लीतून चालताना कित्येक घरांना कुलपं दिसली. माणसं परदेशात गेलेली. मैदानाच्या कठड्यावर काका बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. एक सरदारजी आजोबा आले, कुठून आलात विचारलं. काकांनी सांगितलं. ते म्हणाले, "ग्वालियर? रूप सिंह वाला ग्वालियर?" काकांनी मान हलवली आणि रुमाल काढला. मग दोघं अर्धा तास 1975 बोलत होते: मलेशियाविरुद्ध उपांत्य सामन्यात भोपाळच्या अस्लम शेर खानने केलेली बरोबरी, आणि अंतिम सामन्यात पाकिस्तानवर 2–1. आजोबांनी घरी नेऊन चहा दिला. मी त्यांना उरलेली गजक दिली.

वेळ असेल तर मिठापूरलाही जाऊन या. हॉकीपटू परगट सिंग, मनप्रीत सिंग यांचं गाव. आम्हाला जमलं नाही, गाडीची वेळ झाली होती. जालंधरमध्ये हॉकीपटू सुरजित सिंगांच्या नावाच्या स्टेडियमवर शरद ऋतूत मोठी हॉकी स्पर्धा असते. तेव्हा गेलात तर खरेदी आणि सामने दोन्ही होतील, फक्त राहायची सोय आधी करा.

पेट्या आठव्या दिवशी ट्रान्सपोर्टनगरला आल्या. कंपूच्या वाटेवर एक खोली भाड्याने घेतली होती. तिथे गुढीपाडव्याला पूजा केली. काऊंटरशेजारी खिळ्याला ते लोखंडी कडं टांगलं आहे, आणि येणाऱ्या आयांना मी स्टिक स्वतः त्यातून काढून बघायला लावते. पहिल्या महिन्यात 32 इंचीच्या सगळ्या गेल्या, साडेसदतीसच्या दोन्ही तशाच आहेत. काकांनी वहीत लिहून ठेवलं आहे: पुढच्या खेपेला 32 दुप्पट, आणि 28 इंचीही काही, कारण आता धाकट्या बहिणी यायला लागल्या आहेत.