जीवशास्त्राच्या तासाचे नियम, कारणांसह

अकरावीचे वर्ग सुरू झाले की पहिल्याच तासाला मी विद्यार्थ्यांना एक पानी पत्रक देते. त्यावर जीवशास्त्राच्या तासाचे आणि प्रॅक्टिकलचे नियम असतात, खाली पालकांची सही घ्यायची असते आणि बहुतेक घरांत ती सही मजकूर न वाचताच होते, याची मला कल्पना आहे. ज्या थोड्या पालकांनी पत्रक वाचलेले असते ते मात्र पालकसभेत नेमके प्रश्न विचारतात. जर्नल म्हणजे प्रयोगवही घरी का नेऊ देत नाही, वंशावळीच्या स्वाध्यायात स्वतःचे घर का चालत नाही, नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी चालू असताना प्रॅक्टिकलच्या हजेरीबाबत एवढा कटाक्ष कशासाठी, असे ते प्रश्न असतात. कारणे एका पानात मावत नाहीत, म्हणून ती येथे मांडत आहे.

हजेरीचा विषय आधी संपवते. मंडळाच्या नियमाप्रमाणे 75 टक्के उपस्थिती लागते आणि त्यात माझ्या मर्जीचा प्रश्न नाही. आमच्याकडे ठाण्यात मुले घोडबंदर रोडवरून येतात, कळव्याहून येतात, ट्रान्सहार्बर लोकलने ऐरोली-कोपरखैरण्याहून येतात, त्यामुळे पहिल्या तासाला दहा मिनिटांचा उशीर मी धरत नाही. त्यानंतर आलेल्याला वर्गात बसता येते, मात्र हजेरी लागत नाही. रुळांवर पाणी भरलेल्या दिवशी हा नियम आपोआप स्थगित असतो आणि त्यासाठी पालकांची चिठ्ठी आणण्याची गरज नाही. प्रॅक्टिकलची गोष्ट वेगळी आहे. तेथे सुरुवातीच्या सूचना चुकल्या की ब्लेड, स्पिरिटचा दिवा आणि काचेच्या वस्तू यांच्याशी गाठ असते, म्हणून उशिरा आलेल्याने पुढच्या बॅचबरोबर बसावे.

"मॅडम, नीटला प्रॅक्टिकल विचारत नाहीत," हे वाक्य विद्यार्थ्यांपेक्षा मी पालकांकडून अधिक ऐकते. नीटच्या 180 प्रश्नांपैकी 90 जीवशास्त्राचे, म्हणजे 720 पैकी 360 गुण या एका विषयाचे, हे खरेच आहे आणि ते सर्व प्रश्न बहुपर्यायी असतात हेही खरे. परंतु बारावीच्या मंडळ परीक्षेत जीवशास्त्राचा लेखी पेपर 70 गुणांचा आणि प्रात्यक्षिक 30 गुणांचे असते आणि वैद्यकीय प्रवेशासाठी बारावीच्या भौतिक, रसायन व जीवशास्त्रात मिळून खुल्या गटाला किमान 50 टक्के गुण लागतात. क्लासवाल्यांनी ठरवून दिलेल्या वेळापत्रकात महाविद्यालयाला जागाच ठेवलेली नसते, ही माझी जुनी तक्रार आहे. तरीही गुणांचे कारण मला दुय्यम वाटते. ज्याने पेशी भिंगाखाली नीट पाहिलेली आहे त्याला चार पर्यायांतील तीन पर्याय चुकीचे का आहेत, हे पाठांतराविना सांगता येते.

येथूनच जर्नलच्या नियमाकडे येते. जर्नल प्रयोगशाळेतच पूर्ण करायचे, प्रत्येक आकृती स्वतःच्या स्लाइडवरून काढायची आणि तास संपताना जर्नल कपाटात ठेवायचे. दादा-ताईंचे जुने जर्नल प्रयोगशाळेत आणण्यास मनाई आहे. पानाच्या सालीची स्लाइड लावून पर्णरंध्रे, म्हणजे पानावरील सूक्ष्म छिद्रे, पाहण्याचा प्रयोग घेतला, तर निम्म्या जर्नलांमध्ये पुस्तकातील आकृती जशीच्या तशी उतरते. सारख्या अंतरावर बसवलेली टपोरी पर्णरंध्रे, प्रत्येकाला दोन रक्षक पेशी आणि सर्व रंध्रे उघडी. त्याच वेळी त्या विद्यार्थ्याच्या स्लाइडवर कव्हरस्लिप घाईने टाकल्यामुळे हवेचे बुडबुडे अडकलेले असतात, साल एका बाजूला दुमडलेली असते आणि दिसणारी रंध्रे बहुतेक बंद असतात. बुडबुड्याची कड जाड, काळी आणि अगदी गोल दिसते. ती पेशी नव्हे, एवढे ज्याला ओळखता येते त्याने त्या दिवसाचे काम केले असे मी मानते. म्हणून आकृतीत बुडबुडा काढून त्याला "हवेचा बुडबुडा" असे नाव दिले, तर त्याचा गुण मिळतो. पुस्तकातील सुबक आकृतीला तो मिळत नाही.

आकृतीचे उरलेले नियम जुनेच आहेत. टोकदार पेन्सिल, छायांकन नाही, नावांच्या रेषा पट्टीने आखलेल्या आणि एकमेकींना न छेदणाऱ्या, आणि खाली विशालन, म्हणजे भिंगातून किती पट मोठे दिसते ते, लिहिलेले. दहाचे आयपीस आणि पंचेचाळीसचे ऑब्जेक्टिव्ह असेल तर 450 पट, ही गुणाकाराची साधी गोष्ट कोरी सोडलेली जर्नले दरवर्षी सहीविना परत जातात.

तोंडी परीक्षेतही माझे प्रश्न स्लाइडवरूनच असतात. ऱ्हिओ या शोभेच्या झाडाच्या पानाची खालची जांभळी साल मिठाच्या तीव्र द्रावणात ठेवली, की पेशीतील पाणी बाहेर जाते आणि जांभळा भाग आकसून पेशीभित्तिकेपासून सुटू लागतो. आधी कोपरे मोकळे होतात, मग रंग मध्यभागी गोळा होतो आणि भित्तिकेची चौकट जागच्या जागी राहते. हे पाहिल्यावर मी विचारते की आकसलेला भाग आणि भित्तिका यांच्यामधील जागेत काय आहे. "पोकळी" किंवा "हवा" असे उत्तर पुष्कळांकडून येते. भित्तिकेतून द्रावण सहज आत येते, त्यामुळे त्या जागेत बाहेरचे मिठाचे पाणीच असते. व्याख्या तोंडपाठ असूनही हे उत्तर सुचत नसेल, तर त्या विद्यार्थ्याला साध्या पाण्याचा थेंब घालून पेशी पुन्हा फुगताना पाहायला मी बसवते. ही शिक्षा नाही, जरी ती तशी सांगितली जाते.

सर्वांत जास्त गैरसमज आनुवंशिकतेच्या स्वाध्यायाविषयी आहे. वंशावळ काढताना स्वतःच्या कुटुंबाची माहिती वापरू नये, मी दिलेल्या काल्पनिक कुटुंबावरच काम करावे, असा नियम मी घातला आहे. पालकांना वाटते की यात मुलांची गोडी कमी होते. माझी अडचण अशी आहे की पुस्तकी नियम घरातल्या माणसांना लावताना सोळा वर्षांचे मूल नको त्या निष्कर्षाला पोहोचू शकते. जीभ नळीसारखी वळवता येणे हे प्रभावी जनुकाचे, म्हणजे आई-वडिलांपैकी एकात तरी दिसल्याशिवाय मुलात न दिसणाऱ्या गुणाचे, उदाहरण म्हणून पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले. आनुवंशिकीचे शास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी 1940 साली तसे मांडले होते, परंतु पुढे एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला जीभ वळवता येते आणि दुसऱ्याला येत नाही असे आढळले आणि स्टर्टेव्हंट यांनी स्वतःच तो दावा सोडला. आई-वडील दोघांनाही जीभ वळवता येत नाही आणि आपल्याला येते, एवढ्यावरून कोणी घरात संशय घेऊन बसावे, अशी ती गोष्ट नव्हे.

रक्तगटाचे उदाहरण तर आपल्या शेजारचेच आहे. 1952 साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक नवा रक्तगट शोधला. तो आज जगभर बाँबे ब्लड ग्रुप म्हणून ओळखला जातो. ए आणि बी हे घटक ज्या एच घटकावर तयार होतात तो एच घटकच या व्यक्तींमध्ये नसतो, त्यामुळे ए किंवा बीचे जनुक असले तरी ते रक्तात प्रकट होत नाही आणि साध्या तपासणीत रक्तगट ओ दिसतो. अशा व्यक्तीचा जोडीदार नेहमीच्या ओ गटाचा असला, तरी त्यांच्या अपत्याचा गट ए किंवा बी येऊ शकतो. आई-वडिलांच्या गटांवरून अपत्याचा गट काढण्याचा पुस्तकातील चौकोनी तक्ता या अपत्याविषयी "अशक्य" असे उत्तर देतो. हे सर्व मी वर्गात तपशिलाने शिकवते आणि त्यानंतरच काल्पनिक कुटुंबाचा स्वाध्याय देते. रक्तगटाचे प्रात्यक्षिकही ऐच्छिक आहे. पालकांची लेखी संमती, प्रत्येकासाठी नवे निर्जंतुक लॅन्सेट (बोट टोचण्याची सुई) आणि वापरलेले लॅन्सेट लगेच ठरावीक डब्यात, यांत कोणतीही सूट नाही. कोणाचा गट काय आला हे फळ्यावर लिहिले जात नाही.

मानवी प्रजननाचा पाठ मी मुलगे आणि मुली यांना एकत्रच शिकवते आणि त्यातील एकही भाग "घरी वाचा" म्हणून सोडत नाही. अवयवांची नावे पुस्तकात आहेत तशीच उच्चारली जातात. पहिल्या दहा मिनिटांत हसू येणे स्वाभाविक आहे आणि त्यासाठी कोणाला बाहेर काढले जात नाही, मात्र वर्गातील एखाद्या व्यक्तीवर शेरा मारला तर काढले जाते. ज्यांना उठून विचारणे अवघड वाटते त्यांच्यासाठी टेबलावर चिठ्ठ्यांचा डबा असतो, चिठ्ठीवर नाव लिहायचे नाही. पाळीतील वेदनांपासून पुरुषांच्या नसबंदीपर्यंत त्यात आलेले प्रश्न इतके नेमके असतात की पाठाचा खरा आराखडा मी आता त्यांवरूनच करते.

क्षेत्रभेटीचे दोन नियम मोडल्यास पुढच्या भेटीला नेले जात नाही. पहिला म्हणजे काहीही तोडायचे नाही, दुसरा म्हणजे काहीही घरी आणायचे नाही, आणि यात शंख-शिंपलेही आले. आपल्या ठाणे खाडीचा काही भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि 2022 साली त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. कांदळवनालाही कायद्याचे संरक्षण आहे. येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडते, त्यामुळे हर्बेरियमसाठी, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी, तेथील फांदी आणून अभिमानाने दाखवणाऱ्याचे मी कौतुक करणार नाही. तिवराच्या पानांवर साचलेले मिठाचे बारीक कण आणि चिखलातून वर आलेली श्वसनमुळे ऐरोलीच्या बाजूला उभ्या उभ्या पाहता येतात आणि वहीत काढता येतात. हर्बेरियमसाठी सोसायटीच्या बागेतील जास्वंद, सदाफुली आणि तुळस पुरेशी आहेत, तीही माळ्याला विचारून.

उरलेल्या बाबी थोडक्यात सांगते. मोबाइल बॅगेत बंद राहील, अपवाद फक्त आकृती काढून झाल्यानंतर आयपीसमधून फोटो घेण्याचा. स्वाध्यायाचे उत्तर चॅटजीपीटीकडून घेतले असेल तर तसे लिहावे आणि त्यातील किमान एक विधान पाठ्यपुस्तकाशी पडताळून ते बरोबर की चूक हे खाली नोंदवावे. न सांगता उतरवलेले उत्तर तोंडी प्रश्नांत लगेच उघडे पडते. शंका मराठीत विचारण्यास संकोच करू नये, उत्तरपत्रिका मात्र आपण निवडलेल्या माध्यमातच लिहावी लागेल. पहिल्या प्रॅक्टिकलला पांढरा ॲप्रन, बंद बूट, पट्टी, खोडरबर आणि टोक केलेल्या दोन पेन्सिली आणाव्यात. केस मोठे असतील तर ते बांधलेले असावेत. पत्रकावरील सही पालकांनी वाचून केलेली असावी, कारण पुढच्या सभेत मी त्यातीलच एखादा नियम त्यांना विचारणार आहे.