रेवतीची तसबीर

आमच्या रामबागेतल्या मंडळाचं संमेलन संक्रांतीनंतरच्या रविवारी असे. सकाळी हळदीकुंकू, दुपारी मुलांचे नाच आणि रात्री नाटक. इंदूरच्या त्या थंडीत शाली पांघरून मंडळी सतरंजीवर बसत. नाटक संपल्यावर धाकटे काका आम्हा पोरांना सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात गराडू, म्हणजे तळलेला कंद, खायला नेत.

दर दोन-तीन वर्षांनी गाडी गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संशयकल्लोळ’ नाटकावर यायचीच. तालमी आमच्याच माडीवर होत, त्यामुळे आम्हाला नक्षत्रं शाळेच्या आधी देवलांनी शिकवली. बायका कृत्तिका, रेवती, रोहिणी. पुरुष महिन्यांचे: फाल्गुनराव, अश्विनशेठ, भादव्या. बीज फ्रेंच नाटककार मोलिएरचं, आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकातून आलेलं, हे फार पुढे कळलं. आम्हाला कृत्तिका खिडकीतून डोकावली की ती समोरच्या वाड्यातलीच वाटे.

फाल्गुनराव म्हणजे आप्पा आणि कृत्तिका म्हणजे आमच्या काकू, घरातही नवराबायको. रस्त्यात घेरी आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतात, ते कृत्तिका वरून बघते. रेवतीची खाली पडलेली तसबीर, तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची, कृत्तिकेच्या हाती लागते आणि मग दोन घरं पेटतात. बहुतेक नट फाल्गुनराव नुसता चिडका रंगवतात. आप्पांचा मात्र घाबरलेला असे. बाहेर जाताना ते दारात थबकून कृत्तिकेकडे एकदा मागे वळून बघत, तेवढ्यात सगळं कळे. तालमीत म्हणत, “पर्वाच नसती तर संशय कशाला घेतला असता?” त्यावर काकू पदर खोचत, “पर्वा असेल तर विचारावं माणसानं, पाळत कसली ठेवता!” मला अजून काकूंचंच पटतं.

रेवती मला उशिरा समजली. ती नायकिणीची मुलगी, मागणं एकच, लग्नाचं. लहानपणी वाटे, एवढं प्रेम आहे तर लग्न करून मोकळे का होत नाहीत? आईनं एकदा पडद्यामागे वेणीत गजरा माळताना सांगितलं, “अगं, तिला कुणी सून म्हणून उंबरा ओलांडू देत नव्हतं.” त्या वर्षी शेवटच्या अंकात मला रडू आलं, आजूबाजूला सगळे हसत असताना. हे नाटक गद्यात ‘फाल्गुनराव’ म्हणून १८९३ मध्येच लिहिलेलं; त्या काळात देवलांनी रेवतीला मानानं बोहल्यावर चढवलं. पुढे पदं घालून गंधर्व नाटक मंडळींनी ते १९१६ मध्ये रंगमंचावर आणलं. बालगंधर्व रेवती, गणपतराव बोडस फाल्गुनराव. देवल त्याच वर्षी जूनमध्ये गेले होते.

याच देवलांच्या ‘शारदा’चा पहिला प्रयोग आमच्या इंदुरातला, किर्लोस्कर नाटक मंडळींचा, १८९९ च्या जानेवारीतला. वाड्यातली म्हातारी माणसं हे इतक्या अभिमानानं सांगत, जणू तिकिटं त्यांनीच फाडली होती. तिथे पैशासाठी मुलगी म्हाताऱ्याला द्यायला निघालेला बाप, इथे नुसता हशा. पण दोन्हीकडे देवल मुलीच्याच बाजूला उभे.

तसबिरीची जबाबदारी माझी. घरची पितळी चौकट, तिच्यात त्या वर्षीच्या अश्विनशेठचा फोटो. घाईत जुना काढत नसू, त्याच्यावरच नवा सरकवत असू.

काकू गेल्या, त्यानंतर वाडा आवरताना ती चौकट सापडली. मागचे खिळे काढले तर एकाखाली एक पाच फोटो. पहिले चार ओळखीचे. तळातल्या पिवळ्या फोटोत काळी टोपी घातलेला, मिसरूड फुटलेला मुलगा होता. आप्पांकडे नेला. बराच वेळ हातात धरून म्हणाले, “तेव्हा मी अश्विनशेठ करायचो. आणि रेवती कोण होती, माहीत आहे?”

भिंतीवरच्या काकूंच्या हार घातलेल्या फोटोकडे त्यांनी मान वळवली, दारात थबकायचे तशीच.