तुम्ही विचारलंत म्हणून: नेट चालू आहे, मग अँटिव्हायरस अपडेट का होत नाही?

साताऱ्यात आणि आसपासच्या गावांत घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करणं हे माझं काम. त्यामुळे हा प्रश्न मला फोनवर तर येतोच, पण लग्नाच्या पंगतीत आणि भाजी घेतानाही येतो. “अहो, नेट मस्त चालू आहे, पोरगं यूट्यूब बघतंय, मग अँटिव्हायरसच तेवढं अपडेट का होत नाही?” आणि पाठोपाठ हमखास, “ते लाल चिन्ह बंद करून टाकता येईल का?”

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण तिथे घाई आहे. बंद करता येतं, पण करू नका. लाल चिन्ह गेलं की घरातल्या कुणालाच काही बिघडलंय हे कळत नाही, आणि त्याच कॉम्प्युटरवरून बँकेचे व्यवहार सुरू राहतात. अपडेट न झालेलं अँटिव्हायरस जुन्या व्हायरसना ओळखतं, कालपरवा आलेल्यांना फारसं नाही. १९९० च्या दशकात पुण्यात कैलास काटकरांच्या दुरुस्तीच्या दुकानात व्हायरस लागलेली मशिनं यायची, आणि त्यांचे भाऊ संजय यांनी ती साफ करायला टूल लिहिलं. त्यातून क्विक हील हे अँटिव्हायरस उभं राहिलं. त्या काळात व्हायरस फ्लॉपीवरून पसरायचे, त्यांचा वेग फ्लॉपी हातोहात फिरण्याएवढाच होता. आज डिफेंडरला, म्हणजे विंडोजबरोबरच येणाऱ्या अँटिव्हायरसला, दिवसातून अनेकदा नवीन डेफिनिशन, म्हणजे व्हायरस ओळखायच्या खुणा, येतात, त्या गरज आहे म्हणूनच.

आता मूळ प्रश्न. यूट्यूब चालतं म्हणून अपडेटही चाललं पाहिजे, हे गृहीत धरणं चुकीचं आहे. ब्राउझर तुम्ही उघडता, अपडेट मात्र मागे चालणारी सर्व्हिस आणते. तिचा सर्व्हर वेगळा आणि बऱ्याचदा सेटिंगही वेगळी. त्यात पोरगं यूट्यूब मोबाईलवर बघत असतं आणि मोबाईल स्वतःच्या डेटावर असतो. म्हणून पहिल्यांदा त्याच कॉम्प्युटरवर दोन-तीन वेगवेगळ्या साइट उघडून बघा.

मग उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. एका निवृत्त मुख्याध्यापकांचा डेस्कटॉप होता. दुपारी लाईट गेली की मेन स्विच बंद करायची त्यांची शिस्त. मशीन सुरू केलं की तारीख १ जानेवारी आणि साल कितीतरी मागचं. सुरक्षित कनेक्शनसाठी सर्व्हर जे सर्टिफिकेट दाखवतो त्याला मुदत असते. कॉम्प्युटरच्या मते आज भलतीच तारीख असेल तर तो ते सर्टिफिकेट नाकारतो. अपडेट अडतं, लायसन्स तपासलं जात नाही, बँकेची साइट धोक्याची सूचना देते. सर ती सूचना बाजूला सारून पुढे जायला शिकले होते, मला जास्त काळजी त्याची वाटली. कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य बोर्डवर, लाईट नसतानाही त्याचं घड्याळ चालू ठेवणारा नाण्याएवढा सेल असतो, सीआर२०३२ नावाचा, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तो संपला होता. सेल बदलल्यावर तारीख हातानेच लावावी लागली, कारण फरक फार मोठा असला की विंडोज बऱ्याचदा आपणहून वेळ जुळवत नाही. दहा मिनिटांत अपडेट सुरू झालं.

तारीख बरोबर असेल तर मी नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ (डेटा मोजून वापरायची खूण) सुरू आहे का ते बघतो. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर किंवा डोंगलवर काम करताना डेटा संपू नये म्हणून कुणीतरी ते सुरू करतं, आणि ते योग्यच असतं. सुरू असलं की विंडोज मोठे डाउनलोड थांबवतं, डिफेंडरचे आपोआप येणारे अपडेटही रखडू शकतात. पुढे घरात फायबर येतं. सगळ्यांचे फोन आपोआप जोडले जावेत म्हणून नव्या राउटरला जुन्या डोंगलचंच नाव आणि पासवर्ड दिला जातो. विंडोज वाय-फाय नावाने ओळखतं, त्यामुळे जुनी मीटर्डची खूण नव्या अमर्याद कनेक्शनलाही चिकटून राहते. महिना-दोन महिने कुणाच्या लक्षात येत नाही. ते बटण बंद केलं की काम झालं.

लॉकडाउनपासून ऑफिसचे लॅपटॉप घरी आले आणि प्रॉक्सीची, म्हणजे ऑफिसचं नेट ज्या मधल्या सर्व्हरमधून जातं त्याची, भानगडही घराघरात आली. ऑफिसच्या नेटवर्कवर चालावं म्हणून अँटिव्हायरसच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये ऑफिसच्या प्रॉक्सीचा पत्ता भरलेला असतो. ब्राउझरचं सेटिंग लोक घरी आल्यावर बदलतात, अँटिव्हायरसमध्येही तसंच सेटिंग आहे हे माहीत नसतं. घरी तो पत्ता अस्तित्वातच नाही, म्हणून अपडेट तिथेच आपटतं. तिथली टिक काढा.

वेळापत्रकही एकदा तपासा. अपडेटची वेळ दुपारी बाराची, कॉम्प्युटर सुरू होतो रात्री आठला, आणि झोपताना राउटरचं बटण बंद, असं बऱ्याच घरांत असतं. ‘वेळ चुकल्यास सुरू होताच अपडेट करा’ असा पर्याय असेल तर तो निवडा. सी ड्राइव्ह गच्च भरलेला असेल, किंवा नव्या लॅपटॉपबरोबर आलेलं मुदत संपलेलं अँटिव्हायरस तसंच पडून असेल, तरीही अडतं. जुनं काढताना त्याच कंपनीचं रिमूव्हल टूल वापरा. नुसतं अनइन्स्टॉल केल्यावर अवशेष राहतात आणि डिफेंडरला वाटतं की राखणीला दुसरं कुणीतरी आहे.

इथपर्यंतचं सगळं निरुपद्रवी. खरी चिंता पुढे आहे, आणि त्यासाठीच मी लाल चिन्ह बंद करू नका म्हणतो. अपडेट आपोआप अडलंय की कुणी मुद्दाम अडवलंय, हे तपासायलाच हवं. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये कॉनफिकर नावाचा व्हायरस आला. तो अँटिव्हायरस कंपन्यांची नावं ओळखायचा आणि तेवढ्याच साइट उघडू द्यायचा नाही, बाकी नेट सुरळीत. माणसाला संशय यायला कारणच नव्हतं.

त्यासाठी एक साधी परीक्षा आहे. अँटिव्हायरस कंपनीची साइट कॉम्प्युटरवर उघडत नाही, पण घरच्याच वाय-फायवर असलेल्या मोबाईलवर उघडते, असं झालं तर कॉम्प्युटरवर संशय घ्या. विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमध्ये ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी, त्यात होस्ट्स नावाची फाईल असते, ती नोटपॅडमध्ये उघडा. सुरुवातीला # हे चिन्ह असलेल्या ओळी नेहमीच्याच. त्यांखाली अँटिव्हायरस किंवा मायक्रोसॉफ्टची नावं १२७.०.०.१ या आकड्यासमोर (हा आपल्याच कॉम्प्युटरचा पत्ता, म्हणजे ती साइट कधी सापडणारच नाही) लिहिलेली दिसली, तर ती बहुतेक वेळा व्हायरसने घातलेली असतात. मग त्या मशीनवर कसलाही पासवर्ड टाइप करू नका. डिफेंडरमध्ये ‘ऑफलाईन स्कॅन’ आहे, तो विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी करतो. दुसऱ्या, निरोगी कॉम्प्युटरवरून डेफिनिशनची ऑफलाईन फाईल पेन ड्राइव्हवर आणता येते. सीईआरटी-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या ‘सायबर स्वच्छता केंद्र’ या साइटवर सफाईची टूल्स फुकट आहेत. हे केंद्र २०१७ पासून सुरू आहे, आणि अजून कितीतरी लोकांना ते माहीतच नाही याचं मला वाईट वाटतं.

मोबाईलवरही साइट उघडत नसेल, तर राउटर बघा. डीएनएसचेंजर नावाचा व्हायरस डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हरच, बदलून टाकायचा. राउटरचा पासवर्ड कंपनीतून आला तसाच असेल तर तो राउटरमध्येही शिरायचा प्रयत्न करायचा. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या एफबीआयने त्याचा बंदोबस्त केला तेव्हा शंभराहून जास्त देशांतले सुमारे ४० लाख कॉम्प्युटर त्याच्या तावडीत होते. म्हणून राउटरच्या पानावर जाऊन डीएनएसचे आकडे बघा. ओळखीचे वाटले नाहीत तर आपल्या केबलवाल्याला किंवा कंपनीच्या माणसाला विचारा, आणि ‘अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन’ असा पासवर्ड असेल तर आजच बदला.

काहीजण म्हणतात, अपडेटनेच मशीन बिघडतं, त्यापेक्षा नकोच. ही भीती पोकळ नाही. २०१० च्या एप्रिलमध्ये मॅकॅफी या अँटिव्हायरसच्या अपडेटने विंडोज एक्सपीचीच एक महत्त्वाची फाईल व्हायरस समजून पकडली. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या चुकीच्या अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशिनं बंद पाडली, आपल्याकडेही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. तरी माझं मत बदललेलं नाही. असे प्रसंग विरळा असतात आणि कंपनी ते लगेच सुधारते. नवीन व्हायरस मात्र रोज येतात. महत्त्वाच्या फाइल्सची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवा आणि अपडेट चालू ठेवा.

विंडोज १० वाल्यांसाठी एक गोष्ट. त्याचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. डिफेंडरच्या डेफिनिशन मात्र ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहतील, असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय. त्यामुळे हिरवी टिक दिसत राहील, पण विंडोजमधली भोकं त्याने बुजत नाहीत.

आणि हात जोडून विनंती. अपडेट अडलं म्हणून गूगलवर ‘अँटिव्हायरस हेल्पलाइन नंबर’ शोधू नका. तिथे बनावट नंबर पेरलेले असतात. समोरचा गोड बोलून रिमोट अ‍ॅप टाकायला लावतो, ‘लायसन्स रिन्यू करू’ म्हणतो आणि बँकेचं पान उघडायला सांगतो. आमच्याच आळीतल्या एका काकूंची पेन्शन अशी गेली. नंबर घ्यायचा तर खोक्यावरचा किंवा सॉफ्टवेअरच्या ‘हेल्प’मधला घ्या. पैसे गेलेच तर तिथल्या तिथे १९३० या सरकारच्या सायबर फसवणूक हेल्पलाइनला फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

एवढं करूनही अडलं तर मला जरूर विचारा, पण ‘होत नाही’ एवढंच सांगू नका. पडद्यावर आलेल्या एररचा फोटो पाठवा. विंडोजच्या कोडच्या शेवटी ‘एफ८एफ’ असेल तर बहुधा तारखेचं किंवा सर्टिफिकेटचं दुखणं, ‘ईई७’ असेल तर सर्व्हरचं नाव सापडत नाहीये म्हणजे डीएनएस बघायचं, ‘ईई२’ असेल तर सर्व्हरकडून वेळेत उत्तर आलेलं नाही. सोबत शेवटचं अपडेट कधी झालं ती तारीख आणि नेट कुणाचं आहे तेही लिहा. बहुतेक वेळा तेवढ्यावरून फोनवरच काम होतं.