अकिहाबारातील कन्सोल-खरेदी: दुर्मीळपणा पाहावा की टिकाऊपणा?

टोकियोला जाताना जपानबाहेर फारसा न पोहोचलेला एखादा जुना व्हिडिओ गेम कन्सोल आणायचा, एवढेच ठरले होते. कोणता, ते तेथे पाहून ठरवायचे होते. निन्टेन्डोचा फॅमिकॉम मात्र आधीच बाद केला होता, कारण नव्वदच्या दशकात आपल्याकडे ‘व्हिडिओ गेम’ म्हणून जी यंत्रे घरोघरी आली ती बहुधा त्याचीच नक्कल होती आणि ते खेळ आमच्या पिढीचे खेळून झालेले आहेत.

टोकियोतील अकिहाबारा स्थानकाच्या ‘इलेक्ट्रिक टाउन’ दारातून बाहेर पडून चुओ-दोरी हा मुख्य रस्ता ओलांडला की मागच्या गल्लीत सुपर पोटॅटो हे जुन्या व्हिडिओ गेमचे दुकान तिसऱ्या ते पाचव्या मजल्यावर आहे. ते अवश्य पाहावे, पण पर्यटकांची गर्दी येथे सर्वाधिक असते आणि भावही मला चढे वाटले. त्यानंतर जवळच मांदाराके या जुन्या वस्तूंच्या दुकानाची आठ मजली इमारत पाहावी आणि मग सोबू मार्गाच्या लोकलने, गाडी न बदलता, नाकानोला जावे. नाकानो ब्रॉडवे या १९६६ सालच्या इमारतीतील बरीच दुकाने दुपारी बाराच्या सुमारास उघडतात. सकाळी लवकर जाण्यात अर्थ नाही.

दुर्मीळपणाचा मोह सर्वात जास्त झाला तो फुजित्सूच्या एफएम टाउन्स मार्टीचा. १९९३ साली ९८,००० येनांना आलेल्या या ३२ बिटच्या यंत्रात सीडी आणि फ्लॉपी दोन्ही चालतात. पण त्यातील कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे छोटे भाग) जुने झाले की गळतात, आणि दुरुस्ती करणारा आपल्याकडे कुठे शोधणार? एनईसीचा १९९४ मधील पीसी-एफएक्स दिसायला संगणकाच्या उभ्या टॉवरसारखा आणि मोठा देखणा आहे, मात्र त्याच्या बहुतेक खेळांत जपानी संवादांचा भडिमार असतो. एनईसीच्याच सुपरग्राफिक्स या यंत्रासाठी खास तयार झालेले खेळ पाचच, त्यामुळे तो संग्राहकांसाठीच सोडावा.

शेवटी मी पीसी इंजिनकडे वळलो. एनईसी आणि हडसन यांनी १९८७ मध्ये आणलेल्या या छोट्याशा यंत्रात खेळ ह्यू-कार्डावर येतात. ही कार्डे एटीएम कार्डाएवढीच, जराशी जाड. कार्डात फिरणारा भाग नाही, पट्टा नाही, लेझर नाही, म्हणून ती इतक्या वर्षांनंतरही सहसा चालतात. याउलट सीडी जोडलेल्या ‘ड्यूओ’मध्ये कपॅसिटर आणि लेझर या दोन्हींची चिंता राहते. नेमबाजीचे खेळ भरपूर असल्याने भाषेची अडचणही कमी. ‘आर-टाइप’ हा प्रसिद्ध खेळ जपानमध्ये दोन कार्डांत विभागून विकला गेला, तेव्हा दोन्ही कार्डे घेतल्याशिवाय तो पूर्ण होत नाही, हे पैसे देण्यापूर्वी लक्षात ठेवावे.

मूळ पांढरे यंत्र मात्र घेऊ नये. त्यातून चित्र केवळ अँटेनाच्या जुन्या मार्गाने मिळते आणि जपानी वाहिन्यांच्या वारंवारता आपल्या टीव्हीशी जुळतीलच असे नाही. त्याचेच सुधारित रूप असलेले १९८९ चे कोअरग्राफिक्स घ्यावे. त्यात एव्ही जोडणी आहे, फक्त तिची गोल टोकाची केबल सोबत मिळते का, ते विचारून घ्यावे. घरचा टीव्ही एनटीएससी, म्हणजे जपानी यंत्रांची चित्रप्रणाली, स्वीकारतो का, तेही निघण्यापूर्वीच तपासावे. यंत्रावर कंट्रोलर जोडायला एकच जागा असते. दोघांनी खेळायचे असेल तर मल्टिटॅप वेगळा घ्यावा लागतो.

टीव्हीची कटकटच नको असणाऱ्यांनी बांडाईच्या १९९९ मधील वंडरस्वानचा विचार करावा. गेम बॉयचे जनक गुनपेई योकोई यांचा त्याच्या रचनेत वाटा होता, आणि एका साध्या पेन्सिल सेलवर तो कितीतरी तास चालतो.

‘जंक’ अशी चिठ्ठी लावलेला माल स्वस्त असतो, पण तो चालेल याची कोणतीही हमी नसते; कार्डांपुरता हा धोका पत्करता येईल, यंत्रापुरता नाही. करसवलतीसाठी मूळ पासपोर्ट लागतो, छायाप्रत चालत नाही. जपानमधील वीज १०० व्होल्टची असल्यामुळे तेथील अ‍ॅडॉप्टर आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये थेट लावला तर जळेल. पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आधीच आणून ठेवावा, आणि पर्यायी अ‍ॅडॉप्टर वापरायचा असल्यास केवळ व्होल्ट न पाहता मूळ अ‍ॅडॉप्टरवरील धन-ऋण टोकांची खूणही जुळवून घ्यावी.