बेदाणा वाळल्यानंतरची वाट: मिल्ड्युराहून सांगलीकरांसाठी

मिल्ड्युरात आणि तासगावात बेदाण्याचा हंगाम एकाच वेळी असतो, हे गावाकडं सांगितलं की पटकन कुणाला पटत नाही. ऑस्ट्रेलिया दक्षिण गोलार्धात, ऋतू उलटे, मग हंगाम एक कसा? कारण आपली छाटणी. आपण एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी घेतो, म्हणून आपली द्राक्षं फेब्रुवारी-मार्चला हाताशी येतात. इथं ती उन्हाळ्याच्या शेवटी पिकतात, आणि इथल्या उन्हाळ्याचा शेवट म्हणजे नेमके तेच महिने. मी इथं पॅकिंग शेडमध्ये दाण्याचा रंग आणि ओल तपासत असतो, तेव्हा कवठेमहांकाळजवळ आमचा दादा शेडमधल्या जाळ्यांवर घड पसरत असतो. फोन लागला की दोघांचा पहिला प्रश्न एकच: ढग आलेत का?

वाणही एकच, थॉमसन. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवायची आपली रीत, तिला तर आपल्याकडं ऑस्ट्रेलियन पद्धत म्हणूनच ओळखतात. लिटरभर पाण्याला 25 ग्रॅम पावडर, 15 मिली तेल. दादा हे प्रमाण झोपेतही सांगेल. इथं आता बरेच शेतकरी काड्या कापून वेलीवरच द्राक्ष वाळवतात, पण जुन्या मळ्यांत पत्र्याखालची लांबलचक जाळीची रॅक अजून उभी आहेत. पहिल्यांदा पाहिली तेव्हा सावळजच्या रस्त्याला लागल्यासारखं वाटलं.

मला लिहायचंय ते मात्र दाणा वाळल्यानंतरचं. माल शेडमधून निघून बंदरावर कसा जातो, आणि त्या वाटेवर सरकार पैसा कसा घालतं, याबद्दल. इथं राहून या गोष्टीकडं बघायची माझी नजरच बदलली आहे.

मिल्ड्युरा हे मरे नदीकाठचं गाव. आजूबाजूला कोरडं माळरान, पाऊस आपल्या जतपेक्षाही कमी. 1887 साली जॉर्ज आणि विल्यम चॅफी या भावांनी नदीचं पाणी पंपांनी वर चढवून इथं बागा उभ्या केल्या. पाणी उचललं की माळाचं काय होतं, हे टेंभू-म्हैसाळ उपसा सिंचन योजनांच्या लाभक्षेत्रातल्या माणसाला समजावून सांगायला नको. अडलं ते पुढं. माल बाहेर काढायला रेल्वे नव्हती. नदीतल्या वाफेच्या बोटी हीच काय ती वाट, आणि नदीचं पाणी उतरलं की बोटी जागच्या जागी. फळ तयार, गिऱ्हाईक मेलबर्नला, मधे जवळजवळ साडेपाचशे किलोमीटर. त्यात 1893 साली बँका बुडाल्या. 1895 मध्ये चॅफींची कंपनीही बुडाली. रेल्वे आली ती 1903 मध्ये, म्हणजे पाण्यानंतर सोळा वर्षांनी. या सोळा वर्षांत कितीतरी कुटुंबं बागा सोडून निघून गेली. पुढं गाव सावरलं, आणि आज ऑस्ट्रेलियाचा बहुतेक सगळा बेदाणा याच पट्ट्यात होतो.

आपल्याकडंही पाणी आधी आलं आहे. ताकारी, टेंभू, म्हैसाळ. टेंभूचं काम 1990 च्या दशकात सुरू झालं आणि अजून त्याचे टप्पे वाढताहेत. ज्या खानापूर-आटपाडीतून माणसं गलाई कामासाठी मुलूखभर पांगली, तिथं आज डाळिंब आहे, द्राक्ष आहे, ऊस आहे. या योजनांवर झालेला सरकारी खर्च मला कधीच वाया गेलेला वाटला नाही. पण पाण्याचा पैसा पुरता फळायचा तर पिकाला वाट लागते, आणि ती वाट अर्धी ठेवली तर काय होतं ते मी इथं बघतोय.

मिल्ड्युराची रेल्वे व्हिक्टोरिया राज्याच्या ब्रॉडगेजवर होती, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर 1600 मिलिमीटर. शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये आणि देशाच्या मुख्य मार्गांवर स्टँडर्ड गेज, 1435. एका गेजचा डबा दुसऱ्या रुळावर जात नाही, त्यामुळे माल एकतर उतरवून चढवायचा नाहीतर सरळ ट्रकनं न्यायचा. यावर उपाय म्हणून मरे बेसिन रेल प्रकल्प निघाला. राज्य आणि केंद्र मिळून 44 कोटी डॉलर, दोघांचा निम्मा-निम्मा वाटा. या भागातले धान्याचे, फळांचे सगळे मार्ग स्टँडर्ड गेजवर आणायचे, रूळ मजबूत करायचे, जास्त वजनाच्या गाड्या चालवायच्या. 2018 पर्यंत मिल्ड्युरा ते मेरीबरो गेज बदललं, मेरीबरो ते अराराट हा बंद पडलेला मार्गही पुन्हा सुरू झाला. आणि मग पैसे संपले.

राहिलं ते असं. सी लेक आणि मनंगाटँग हे दोन फाटे ब्रॉडगेजवरच राहिले. मिल्ड्युराच्या गाडीला बॅलरटमार्गे सरळ बंदराकडं जायची जी जुनी वाट होती ती तुटली, कारण तो पट्टा ब्रॉडगेजचाच आहे. आता तिला अराराटचा वळसा घालावा लागतो. त्यात जुन्या रुळांमुळे वेगावर बंधनं. म्हणजे कोट्यवधी डॉलर घातले आणि पहिली काही वर्षं गाडी आधीपेक्षा लांबून आणि हळू जाऊ लागली. मग ज्यांना घाई आहे ते ट्रक धरणारच, आणि मालच ट्रकवर गेला की गाडी कमी पडते असं कोण म्हणणार?

एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. 2020 साली राज्याच्या महालेखापरीक्षकांनी यावर अहवाल काढला. नियोजन कुठं चुकलं, खर्चाचा अंदाज कसा कमी धरला, ठरलेलं काय झालं नाही, सगळं साध्या भाषेत. तो कुणीही वाचू शकतो, आणि आमच्या शेडमधले फोर्कलिफ्ट चालवणारेसुद्धा त्यावर बोलतात. नंतर राज्य आणि केंद्रानं मिळून आणखी सुमारे 24 कोटी डॉलर दिले, गाड्या एकमेकींना ओलांडायच्या जागा आणि रुळांच्या कामासाठी. उरलेले फाटे मात्र बदलायचे राहूनच गेले.

गेजचं दुखणं मिरजकरांना नवं नाही. मिरज जंक्शनवर एके काळी तिन्ही गेज होती: ब्रॉड, मीटर आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडून येणारी बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज, फक्त 762 मिलिमीटरची. पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग 1971 मध्ये ब्रॉडगेज झाला. नॅरोगेजला मात्र फार वाट बघावी लागली. पंढरपूर-मिरज पट्टा बदलून झाला तो 2010 च्या आसपास. तेव्हा कित्येकांना वाटलं असेल, एवढा खर्च कशाला, बसा आहेतच की.

एप्रिल 2016 मध्ये त्याचं उत्तर मिळालं. लातूर कोरडं पडलं होतं. मिरजेहून कृष्णेचं पाणी भरून जलदूत निघाली. पहिल्या गाडीला 10 टाक्या, पाच लाख लिटर. पुढं 50 टाक्यांची गाडी, एका खेपेला 25 लाख लिटर. नॅरोगेज असती तर त्या टाक्या त्या रुळावर उभ्यासुद्धा राहिल्या नसत्या. ज्यांनी गेज बदलाचे पैसे मंजूर केले त्यांच्या डोक्यात लातूरचा दुष्काळ नव्हता. मार्ग शेवटापर्यंत जोडलेला होता म्हणून त्या उन्हाळ्यात तो कामी आला.

याच मार्गावर सांगोला आहे. 2020 मध्ये किसान रेल सुरू झाल्या आणि सांगोल्याचं डाळिंब बिहार-बंगालला जाऊ लागलं. देशातली शंभरावी किसान रेल 28 डिसेंबर 2020 ला सांगोल्याहूनच शालिमारला निघाली. फळं-भाज्यांच्या भाड्यात तेव्हा 50 टक्के सवलत होती. पुढं सवलत थांबली तशा गाड्याही ओसरल्या. रूळ आहेत, फळ आहे, गिऱ्हाईक आहे. पण भाडं परवडलं नाही तर शेतकरी पुन्हा ट्रकच्याच दारात. म्हणून मी म्हणतो, बांधकामाच्या खर्चाबरोबर चालवण्याच्या खर्चाचाही हिशेब पहिल्या दिवशीच मांडला पाहिजे.

प्रवाशांच्या बाबतीत इथं हे चांगलं जमलं आहे. मार्च 2023 च्या अखेरीपासून व्हिक्टोरियात ग्रामीण भागाचं दिवसाचं जास्तीत जास्त भाडं मेलबर्न शहराइतकंच केलं, तेव्हा 9 डॉलर 20 सेंट. मिल्ड्युराहून मेलबर्नला बस आणि रेल्वेनं तेवढ्यात जाता येऊ लागलं. दवाखान्याला जाणारी म्हातारी माणसं, शिकणारी पोरं, यांना केवढा फरक पडला असेल बघा. तरी मिल्ड्युरापर्यंत थेट प्रवासी गाडी 1993 पासून बंद आहे ती आहेच, आणि लोक अजून ती मागताहेत.

हे ऐकून दादा म्हणाला, “मग आपलं बरं म्हणायचं की रं. आपल्याकडं वंदे भारत बी थांबतीय.” खरंच बरं आहे. 2016 मध्ये पुणे-मिरज-लोंढा या 467 किलोमीटरच्या दुहेरीकरणाला मंजुरी मिळाली, विद्युतीकरण झालं, सप्टेंबर 2024 पासून वंदे भारत सांगली-मिरजेत थांबते. रत्नागिरी-नागपूर महामार्गामुळे सोलापूर जवळ आलं. हा पैसा योग्य ठिकाणी गेला असं मी ठामपणे म्हणेन.

पण दादाचा बेदाणा अजून कसा जातो? पंधरा किलोच्या बॉक्समध्ये कोल्ड स्टोरेजला, तिथून सौद्याला, सौद्यातून ट्रकनं. निर्यातीची द्राक्षं असली तर कंटेनर रस्त्यानंच कराड, सातारा, खंबाटकी, पुणे, खंडाळा करत न्हावाशेवाला. पेठ-सांगली रस्त्यानं वर्षानुवर्षं काय हाल केले ते मी वेगळं लिहित नाही. दुहेरी रूळ दारावरून जातात, पण शेतकऱ्याला कंटेनर त्या रुळावर चढवायची सोय जवळ नाही. त्यासाठीच तर रांजणीच्या ड्राय पोर्टची घोषणा झाली होती. कस्टमची तपासणी तिथंच, शीतगृह तिथंच, कंटेनर सीलबंद होऊन थेट बंदरावर. आमच्या भागातल्या माणसांनी त्यावर किती आशा लावली होती! घोषणेनंतर जागेची चर्चा झाली, मग दुसऱ्या जागेची चर्चा झाली.

मिल्ड्युराजवळ मर्बीनला असं कंटेनर टर्मिनल आहे. मी तिथं उभा राहून पाहिलंय. मोठा दिखावा काही नाही: काँक्रीटचं पटांगण, रुळाचा एक फाटा, कंटेनर उचलणारी दोन यंत्रं, आणि रीफर, म्हणजे माल गार ठेवणाऱ्या, कंटेनरला वीज द्यायचे खांब. शेडमधून निघालेला ट्रक अर्ध्या तासात रिकामा होऊन परत येतो, म्हणजे ड्रायव्हर रात्री घरी जेवायला असतो. एवढंच काम, पण ते नसेल तर शेकडो किलोमीटरच्या रुळाचा शेतकऱ्याला उपयोग शून्य. नव्या द्रुतगती मार्गांवर जेवढी चर्चा होते, त्याच्या दहावा हिस्सा तरी अशा पटांगणावर व्हावी. द्रुतगती मार्गाला शेकडो गावांची बागायत जमीन जाते. सांगलीत त्यावरून शेतकरी रस्त्यावर उतरले आहेत, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. याला जमीनही थोडी लागते आणि रूळ आधीच टाकलेले आहेत.

दादा हसून म्हणाला, “आम्ही इचारायचं कुणाला?” मला वाटतं विचारायचं लेखी, आणि आकडे घेऊन. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, पलूस, खानापूरकडच्या वाचकांना विनंती आहे: या हंगामात शेडपासून बाजारापर्यंत किंवा बंदरापर्यंत किलोमागं किती खर्च आला, वाटेत किती तास गेले, माल किती खराब झाला, हे वहीत टिपून मला कळवा. इथल्या शेतकऱ्यांकडून तेच आकडे मी गोळा करतोय, काहींनी दिलेही आहेत. मे महिन्यात गावी येईन तेव्हा दोन्ही तक्ते शेजारी मांडून आपण बाजार समितीत बसू, आणि तिथून खासदार-आमदारांकडं अर्ज घेऊन जाऊ.