मुंग्या, तोल आणि बी१२

सोलापुरात आपल्याकडं माळकरी घरं भरपूर, लिंगायत घरं भरपूर, पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. कडक भाकरी, शेंगाचटणी, हुलग्याचं माडगं, पालेभाजी सगळं उत्तमच आहे, पण यातल्या कशातच बी१२ हे व्हिटॅमिन नाही. ते बनवतात बॅक्टेरिया, आणि आपल्या पोटात येतं ते दूध-दही, अंडी, मासे, मटणातनं. रोजची गरज जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्राम आणि लिव्हरमधला साठा वर्षानुवर्षं पुरतो, म्हणून "आम्ही जन्मभर हेच खातोय, काय झालंय" असं म्हणता म्हणता साठा कधी संपला तेच कळत नाही.

माझ्या मामीचं सांगते. गळ्यात माळ, शुगर, त्यासाठी मेटफॉर्मिनची गोळी कित्येक वर्षं चालू. पायाला मुंग्या यायच्या तर सगळे म्हणायचे शुगरमुळं असेल. मग चालताना चप्पल निसटून मागं राहायची आणि तिला पत्ताच नसायचा, मोरीत तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जायचा, भिंत धरायची. दुधाचा हिशोब तिला तोंडपाठ असायचा तोही चुकायला लागला, चिडचिड वाढली, घरात एकच वाक्य, "वय झालं की ओ आता."

डॉक्टरांनी ट्युनिंग फोर्क, म्हणजे वाजवला की थरथरणारा धातूचा काटा, वाजवून घोट्याच्या हाडावर टेकवला, थरथर कळतेय का विचारलं तर मामी म्हणाली, "कुठं काय?" तोच हाताला लावला तर लगेच कळला. आपला पाय कुठं आहे हे मेंदूला सांगणाऱ्या नसा मणक्यात मागच्या बाजूनं वर जातात, बी१२ कमी पडलं की त्यांच्यावरचं मायलिनचं आवरण खराब होतं. डोळे उघडे असेपर्यंत नजर सांभाळून घेते, मिटले की माणूस हलतो.

हिमोग्लोबिन तर चांगलं आलं होतं! इथंच फसायला होतं. पालेभाजीतलं किंवा गोळीतलं फॉलिक ॲसिड रक्त सावरून धरतं, पण नसांचं नुकसान आत चालूच राहतं. म्हणून नुसतं सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची साधी तपासणी, करून गप्प बसू नका, बी१२ वेगळं तपासा. आणि नुसतं दूध वाढवून भागेलच असं नाही, कारण वय, ॲसिडिटीच्या गोळ्या, मेटफॉर्मिन या सगळ्यांनी ते शोषणंच कमी होतं.

बी१२चं इंजेक्शन म्हटल्यावर मामी अडली, "त्यात लिव्हर असतंय म्हणं." तिचं अगदीच खोटं नव्हतं, पूर्वी ॲनिमियाच्या पेशंटला खरंच लिव्हर खायला घालायचे, त्या शोधाला 1934 चं नोबेलही मिळालं. पण आता हे व्हिटॅमिन बॅक्टेरियापासूनच बनवतात, माळेला काही बाधत नाही. कॅप्सूलचं कव्हर मात्र जिलेटिनचं असू शकतं, तेवढं मेडिकलवाल्याला विचारून साधी गोळी घ्या.

मामीचा हिशोब परत जमतोय, चालणं सुधारलंय, बोटांचा बधिरपणा मात्र अजून आहे, उशीर झाला की नसा पूर्ण भरून येतीलच असं नसतं. तुमच्या घरात कुणी मेटफॉर्मिनवर असेल तर पुढच्या वेळी शुगरसाठी रक्त देताना डॉक्टरांना विचारून त्याच सुईत बी१२ पण करून घ्या, परत उपाशीपोटी लॅबमध्ये जायला नको.