चिंगीचे डोळे

मंगळवार, रात्री पावणेअकरा

आज आमच्या कुत्रीच्या, चिंगीच्या, उजव्या डोळ्यातली अश्रू मोजायची पट्टी सहावर थांबली. आठ आठवड्यांपूर्वी चारवर होती.

कागदाची ती चिंचोळी पट्टी खालच्या पापणीत अडकवतात आणि बरोबर एक मिनिट थांबतात. अश्रू शोषले जातील तसा निळा रंग मिलिमीटरच्या खुणांवरून पुढे सरकतो. निरोगी डोळा असेल तर पंधरा किंवा त्याच्याही पुढे जातो. चिंगीला मांडीवर घट्ट धरलं होतं, तिचं डोकं माझ्या हनुवटीखाली, आणि मी श्वास रोखून त्या निळ्या रेघेकडे बघत होते. डाव्या डोळ्याचे चौदा आले. डॉक्टर म्हणाले, "डावा छान सावरतोय." उजव्याबद्दल ते लगेच काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

सुरुवातीचे दोन महिने हातचे गेले, ते आजही मनातून जात नाहीत. सकाळी तिच्या डोळ्यांत चिकट, हिरवट घाण साचलेली असायची. संसर्ग असेल म्हणून एक औषध झालं, मग दुसरं. चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. अश्रू मोजून बघायला हवेत हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. खरा आजार 'कोरडा डोळा'. नाव ऐकून मला हायसं वाटलं होतं, इतकं ते साधं वाटतं. पण तिच्या शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रुग्रंथींवर उलटली आहे. अश्रूतलं पाणी आटतं आणि मागे उरतो तो नुसता चिकट स्राव. पापणी दर वेळी कोरड्या बुबुळावर घासत राहते. उजव्या डोळ्यात नाकाच्या बाजूने एक तपकिरी डाग आत सरकत आलाय. उजेडात धरलं की दिसतो, काचेवर चहा सांडून वाळावा तसा. तो निम्म्याच्या जवळ आलाय. औषधाने तो थांबू शकतो. आला तेवढा पुसला जाईलच असं नाही.

सायक्लोस्पोरिन, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणारं डोळ्याचं औषध, दिवसातून दोनदा, कायमचं. त्याचा गुण यायलाच काही आठवडे लागतात. शिवाय कृत्रिम अश्रू चार वेळा, आणि दोन औषधांमध्ये दहा मिनिटांचं अंतर. अगदीच नाही जमलं तर एक शस्त्रक्रिया आहे: लाळेची नळी वळवून डोळ्यापाशी आणतात. मग कुत्रं खायला बसलं की डोळे भरून वाहतात. चिंगी वाटीवर वाकली आहे आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळतंय, हे चित्र आज दिवसभर डोळ्यांसमोरून हललं नाही. लागली तर करूच. पण अजून ती वेळ आलेली नाही.

परवा बाबा म्हणाले, "तू हल्ली तिच्याशी बोलत नाहीस गं. नुसते डोळे बघतेस."

मी चिडले त्यांच्यावर. मग रात्रभर तेच आठवत राहिलं, कारण खरं होतं ते. मी घरात शिरले की ती शेपूट हलवत येते आणि मी तिची हनुवटी धरून तोंड दिव्याकडे वळवते. चेंडू टाकते तोही तिला उजवीकडून दिसतो का, हे बघायला. औषधांचा कप्पा सरकल्याचा आवाज आला की ती सोफ्यामागे जाऊन बसते. माझ्या हाताला घाबरायला लागलीय ती. आणि उद्या खरंच दिसेनासं झालं, तर तिला याच हातांच्या भरवशावर राहायचंय.

म्हणून कालपासून शब्द सुरू केलेत. जिन्याशी आलो की "पायरी". समोर काही असलं की "थांब". तिला अजून दिसतंय तोवरच हे शब्द तिच्या अंगवळणी पडायला हवेत. सामान जिथल्या तिथे राहील असं सगळ्यांनी कबूल केलंय. बाबांनी स्वतःची खुर्चीसुद्धा वाटेतून हलवली. आणि औषध घालायच्या आधी, हात लावायच्याही आधी, "थेंब". मग मागून जवळ घ्यायचं, पापणी उचलायची, एकच थेंब, आणि नंतर कानामागे खाजवत बसायचं. त्या वेळी डोळा तपासायचा नाही. हे मला फार जड जातंय.

मघाशी कप्पा उघडला, ती गेलीच सोफ्यामागे. मी ओढून काढलं नाही. फरशीवर बसले आणि म्हटलं, "चिंगे, थेंब." बराच वेळ काही नाही. मग नाक दिसलं, मग डोकं. अर्धी बाहेर येऊन ती तिथेच बसली, पुढचे पाय बाहेर, मागचे आत.

उरलेलं अंतर मी सरकत गेले.